इंग्रजीतील शक्यतार्थ आणि आपले मिश्रवाक्य

परभाषेतील शब्द आपल्या भाषेत येतात तेव्हा ते सर्वांना दिसतात. ‘टेबल’, ‘स्टेशन’, ‘पेन्सिल’ हे शब्द कोठून आले हे सांगण्यास पंडिताची गरज नसते, आणि ते ठेवावेत की टाकावेत याविषयीचा वादही म्हणूनच सोपा असतो. वाक्यरचनेचे तसे नाही. परकी वाक्यरचना देशी शब्दांचा वेष घेऊन येते. वाक्यातील प्रत्येक शब्द अस्सल मराठी, व्याकरणाचा एकही नियम मोडलेला नाही, आणि तरीही वाक्य मराठी नव्हे, असा प्रकार अलीकडे वरचेवर आढळतो. ‘उद्या पाऊस येऊ शकतो’, ‘चोर मागील दाराने आला असू शकतो’, ‘या निर्णयामागे राजकारण असण्याची शक्यता असू शकते’ ही वाक्ये त्या जातीची होत. शक्यता दाखविणारी इंग्रजी सहायक क्रियापदे आणि मिश्रवाक्यातील त्यांचे कार्य या, वरील वाक्यांच्या मुळाशी असलेल्या विषयाचा येथे विचार करावयाचा आहे. विषय व्याकरणाचा असला तरी केवळ व्याकरणापुरता नाही. ‘असे आहे’ आणि ‘असे असावे’ यांतील अंतर हे ज्ञान आणि अनुमान यांतील अंतर आहे, आणि ते ज्या भाषेत पुसट होते त्या भाषेतील विचारही पुसट होतो.

आपल्या शाळांत इंग्रजी शिकविताना या क्रियापदांचे एक कोष्टक फळ्यावर लिहिले जाते. ‘कॅन’ म्हणजे शकणे, ‘मे’ म्हणजे शक्यता किंवा परवानगी, ‘माइट’ म्हणजे त्याहून कमी शक्यता, ‘मस्ट’ म्हणजे पाहिजे. मुले ते वहीत उतरवून घेतात आणि जन्मभर जवळ बाळगतात. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्याकडील कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. तिचा मोठा गुण हा, की तीत विद्यार्थ्याला भाषांतरासाठी वाक्ये मिळत, नुसते सुटे शब्द नव्हेत. ती पद्धत मागे पडली. कोष्टक तेवढे उरले. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे, की हे कोष्टक मुळातच अपुरे आहे. इंग्रजी सहायक क्रियापदाचा अर्थ त्या शब्दात पुरता साठविलेला नसतो. तो ज्या उपवाक्यात बसतो त्या उपवाक्यावर बराचसा अवलंबून असतो. उलट मराठीत शक्यतेचा अर्थ एका शब्दात न राहता क्रियापदाचे रूप, ‘ही’सारखे अव्यय आणि उभयान्वयी शब्द यांत वाटला गेलेला असतो. म्हणून शब्दास शब्द ठेवला, की इंग्रजीचेही आकलन चुकते आणि मराठीचाही बिघाड होतो.

प्रथम इंग्रजीकडे पाहू. ‘मे’ आणि ‘कॅन’ ही क्रियापदे आज जो अर्थ देतात तो त्यांचा मूळचा नव्हे. जुन्या इंग्रजीत ‘मे’च्या पूर्वरूपाचा अर्थ बळ असणे, समर्थ असणे असा होता, ‘माइट’ हे नाम आजही बळ याच अर्थाने चालते, ते त्याच कुळातले. ‘कॅन’चा मूळ अर्थ जाणणे, ‘कनिंग’ म्हणजे धूर्त हा शब्द त्याचा भाऊबंद. आधी एकाकडे सामर्थ्य होते आणि दुसऱ्याकडे ज्ञान. पुढे ‘कॅन’ने सामर्थ्याची जागा घेतली आणि ‘मे’ अनुमती व संभव यांकडे सरकले. ‘ही कॅन्स’ असे का म्हणत नाहीत, असे वर्गातील चौकस मुलगा विचारतो, त्याचे उत्तरही या इतिहासातच आहे. या क्रियापदांची वर्तमानकाळी रूपे मुळात भूतकाळी घडणीची होती, म्हणून तृतीय पुरुषी एकवचनाचा प्रत्यय त्यांना लागलाच नाही. त्यांना भाववाचक रूप नाही, धातुसाधिते नाहीत, आज्ञार्थ नाही. अशी ही मोजकी, अपंग, पण अत्यंत राबणारी क्रियापदे आहेत. इंग्रजीने क्रियापदाचे जुने विध्यर्थी प्रत्यय बहुतेक गमावले, आणि त्यांचे पुष्कळसे काम यांच्या अंगावर पडले.

ऑटो येस्पर्सन यांनी १९२४ च्या आपल्या ‘द फिलॉसफी ऑफ ग्रामर’ या ग्रंथात क्रियापदाच्या अर्थांची विभागणी करताना इच्छेचा अंश असलेले आणि तो नसलेले असे दोन वर्ग केले. पुढे १९७१ मध्ये जेफ्री लीच यांनी तात्त्विक शक्यता आणि प्रत्यक्ष शक्यता असा भेद दाखविला, आणि १९७९ मध्ये एफ. आर. पामर यांनी या क्रियापदांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून अनुमान, अनुमती व सामर्थ्य ही त्यांची क्षेत्रे वेगळी काढली. आपल्या दृष्टीने लीच यांचा भेद फार उपयोगाचा आहे. ‘द रोड कॅन बी ब्लॉक्ड’ म्हणजे हा रस्ता अडविता येण्याजोगा आहे. ही तात्त्विक शक्यता. ‘द रोड मे बी ब्लॉक्ड’ म्हणजे रस्ता या घटकेस बंद असेल, कोणास ठाऊक. ही प्रत्यक्ष शक्यता. पहिले वाक्य बोलणारा रस्त्याचा गुणधर्म सांगतो. दुसरे बोलणारा स्वतःच्या अज्ञानाची मर्यादा सांगतो. पहिल्यासाठी मराठीत ‘अडविता येतो’ किंवा ‘अडविला जाऊ शकतो’ हे योग्यच आहे. दुसऱ्यासाठी मात्र ‘बंद असेल’ हेच योग्य. ‘बंद असू शकतो’ म्हटले की दोन्ही अर्थ एका पोत्यात भरले जातात.

नकार आला की हा भेद आणखी उघड होतो. ‘ही मे नॉट बी ॲट होम’ यातील नकार घरी असण्याला लागतो, शक्यतेला नव्हे: तो घरी नसेल. ‘ही कॅनॉट बी ॲट होम’ यातील नकार शक्यतेलाच लागतो: तो घरी असणे शक्य नाही, किंवा बोलीत, तो घरी असायचा नाही. कोष्टकावर विसंबणारा विद्यार्थी दोन्हींचे भाषांतर ‘तो घरी असू शकत नाही’ असे करतो आणि पहिल्या वाक्यातील साध्या शंकेचे रूपांतर ठाम निर्णयात होते.

येथे आपल्या भाषेचे एक वैभव नोंदविले पाहिजे. ज्या ठिकाणी इंग्रजी ‘मे’ आणि ‘मस्ट’ या दोन टोकांवर काम भागविते, त्या ठिकाणी मराठीत किमान तीन पायऱ्या आहेत. ‘गुरुजी जागे असतील’ हा निव्वळ तर्क. ‘गुरुजी जागे असावेत’ हे काही खूण पाहून काढलेले अनुमान. खिडकीत दिवा दिसतो आहे, म्हणून. ‘गुरुजी जागे असले पाहिजेत’ हा जवळजवळ निश्चय. दिवा आहे आणि खोकल्याचा आवाजही आला. ‘असेल’ हे रूपाने भविष्यकाळाचे, ‘असावा’ विध्यर्थाचे. आणि दोन्ही वर्तमानाविषयी बोलतात. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये. या परंपरेने स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे जे अर्थ आपल्याला शिकविले, ते परीक्षेपुरते पाठ करण्याचे प्रकार नव्हेत. वक्ता आपल्या विधानाची जबाबदारी किती घेतो याची ती मोजमापे आहेत.

आता मिश्रवाक्याकडे वळू. गोपाळ गणेश आगरकर यांनी ‘वाक्यमीमांसा’ लिहून, इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर, वाक्याच्या पृथक्करणाचा विषय मराठीत आणला. ती १८८८ मधील गोष्ट. त्याआधी १८८३ मध्ये ‘विकारविलसित’ या नावाने त्यांचे ‘हॅम्लेट’चे भाषांतर प्रसिद्ध झाले होते. ज्याने शंकाकुल राजपुत्राची भाषा मराठीत आणण्याचे कष्ट केले, त्याच लेखकाला पुढे उपवाक्यांचे परस्परसंबंध मुळापासून तपासावेसे वाटले, ही गोष्ट बोलकी आहे. प्रधान वाक्य, नामवाक्य, विशेषणवाक्य, क्रियाविशेषणवाक्य हे विभाग आपण आजही शिकवितो. याच विभागांतून ‘मे’ची वाट काढीत गेलो, तर काय दिसते ते पाहावे.

प्रथम नामवाक्य. ‘ही सेड दॅट ही माइट कम.’ कोष्टक सांगते, की ‘माइट’ म्हणजे कमी शक्यता. पण येथे ‘माइट’ आले ते शक्यता घटली म्हणून नव्हे. ‘सेड’ हा भूतकाळ आला म्हणून ‘मे’चे ‘माइट’ झाले. इंग्रजीत प्रधान वाक्याचा काळ उपवाक्यावर आपली छाया टाकतो. मराठीत ती रीत नाही. मराठी वक्त्याचे शब्द जवळजवळ जसेच्या तसे ठेवते: ‘कदाचित येईन, असे तो म्हणाला.’ हे न ओळखल्यामुळे ‘तो म्हणाला, की तो येऊ शकला असता’ अशी भाषांतरे होतात आणि येण्याची आशा दाखविणारा मनुष्य न येण्याची सबब सांगणारा ठरतो. याच जातीचे दुसरे वाक्य भीतीचे. ‘आय फिअर दॅट ही मे फॉल’ याला मराठीत ‘तो पडेल अशी भीती वाटते’ किंवा त्याहून जिवंत असे ‘तो पडतो की काय!’ हे वाक्य आहे. ‘की काय’ या दोन शब्दांत शंका, भीती आणि काळजी ही तिन्ही आली. ‘मे’ला वेगळा प्रतिशब्द शोधावा लागला नाही.

दुसरे, हेतुदर्शक उपवाक्य. ‘वुई ईट दॅट वुई मे लिव्ह.’ जगावे म्हणून आपण खातो. येथे ‘मे’मध्ये संशय मुळीच नाही, त्यात हेतू आहे, आणि मराठी तो विध्यर्थाने व ‘म्हणून’ने दाखविते. ‘जगू शकू यासाठी आपण खातो’ असे म्हणणे म्हणजे आजाऱ्याने पथ्याचा तक्ता वाचून दाखविण्यासारखे होईल. याच्या उलट बाजूस ‘लेस्ट’चे उपवाक्य आहे. मुलगा पडू नये म्हणून आईने त्याचा हात धरला, हे मराठी वाक्य. मराठीत ‘नये’ हा नकार आवश्यक. इंग्रजीत ‘लेस्ट’च्या पोटातच नकार असल्यामुळे पुढे ‘शुड फॉल’ एवढेच पाहिजे. आपले विद्यार्थी दरवर्षी ‘लेस्ट ही शुड नॉट फॉल’ असे लिहितात, आणि शिक्षक त्यावर लाल रेघ ओढतात. परंतु ही चूक आळसाची नव्हे. विद्यार्थी आपल्या भाषेचा ‘नये’ प्रामाणिकपणे परभाषेत नेत असतो. दोन भाषा नकार कोठे ठेवतात हे त्याला कोणी सांगितले, तर रेघ ओढण्याची वेळ येणार नाही.

तिसरे, विरोधदर्शक उपवाक्य. ‘हाउएव्हर हार्ड ही मे ट्राय’ म्हणजे त्याने कितीही प्रयत्न केला तरी. येथील ‘मे’ मराठीत ‘ही’ आणि ‘तरी’ यांच्यात विरघळून जाते. याच्याच शेजारी एक मौजेचा प्रकार आहे. ‘ही मे बी लर्नेड, बट ही कॅनॉट टीच.’ तो विद्वान असेल, पण त्याला शिकविता येत नाही. या वाक्यात बोलणाऱ्याला त्याच्या विद्वत्तेविषयी शंका आहे काय? मुळीच नाही. ती तो मान्य करतो आणि मान्य करून बाजूस सारतो. इंग्रजीचे ‘मे’ आणि मराठीचे ‘असेल’ या एका ठिकाणी अगदी खांद्याला खांदा लावून उभे आहेत. ‘असेल तुझा मामा श्रीमंत!’ असे आपण म्हणतो, तेव्हा मामाच्या श्रीमंतीची चौकशी चाललेली नसते. ‘तो विद्वान असू शकतो, पण’ असे लिहिले, की ही सगळी खोच नाहीशी होते आणि उरते ती कोरडी शंका.

चौथे, विशेषणवाक्य. ‘एनी वन हू मे कम’ म्हणजे जो कोणी येईल तो. सूचनाफलकावर ‘ज्यांना भाग घ्यावयाचा असेल त्यांनी नावे द्यावीत’ असे आपण लिहितो. त्यात इंग्रजी ‘मे’चा संपूर्ण अर्थ ‘असेल’ने पेललेला आहे.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे, संकेतदर्शक वाक्य. येथे इंग्रजीचा एक नियम आपल्याला बरोबर समजतो, कारण तो आपलाही आहे. ‘उद्या पाऊस आला, तर’ या अर्थी ‘इफ इट मे रेन’ असे कोणी म्हणत नाही. ‘इफ’नेच कल्पना सुरू झाली, मग त्यात पुन्हा शक्यता कशाला? मराठीतही ‘पाऊस येऊ शकला तर’ असे आपण म्हणत नाही. तथापि ‘तर’च्या आधीच्या रूपांत मराठी जी श्रेणी लावते ती पाहण्यासारखी आहे. ‘तो आला तर’ ही मोकळी शक्यता. ‘तो येईल तर’ यात आशेचा सूर. ‘तो येता तर’ यात ती दूर गेलेली. आणि ‘तो आला असता तर’ यात दार बंद झालेले. यांपैकी ‘येता तर’ हे रूप आता बोलण्यातून मावळत चालले आहे. मुलांच्या कानांवर ते निदान वर्गात तरी पडले पाहिजे.

संकेताच्या उत्तरार्धात इंग्रजीची एक खरी अडचण आहे. ‘द ब्रिज माइट हॅव कोलॅप्स्ड’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, पूल कोसळला असेल, आपल्याला ठाऊक नाही. दुसरा, पूल कोसळला असता, पण कोसळला नाही. एका अर्थी मनुष्यहानीची चिंता आहे, दुसऱ्या अर्थी सुटकेचा निःश्वास. आणि शब्द तेच. सूक्ष्मतेने लिहिणारे इंग्रज पहिल्या अर्थी ‘मे हॅव’ आणि दुसऱ्या अर्थी ‘माइट हॅव’ असा भेद पाळतात; पण त्यांच्याच वृत्तपत्रांतून तो आता ढिला झाला आहे आणि तेथील व्याकरणकार त्याविषयी तक्रार करतात. मराठीत ही तक्रार संभवतच नाही. ‘असेल’ आणि ‘असता’ या एका अक्षराच्या फरकाने घडलेले आणि न घडलेले कायमचे वेगळे झाले आहे. इतकेच नव्हे, तर ‘तो पास झाला असता’ यात खात्री, ‘तो पास झालाही असता’ यात संभव आणि ‘तो पास होऊ शकला असता’ यात कुवत. इंग्रजीस येथे ‘वुड’, ‘माइट’ आणि ‘कुड’ अशी तीन वेगळी क्रियापदे लागतात. मराठीने मधले काम ‘ही’ या एकाक्षरी अव्ययावर भागविले. ज्या भाषांतरकाराच्या लेखणीस हे ‘ही’ सापडले नाही, त्याला ‘माइट हॅव’ कधीच साधणार नाही.

आता वरील पाचही प्रकारांतील मराठी वाक्ये पुन्हा पाहावीत. शक्यता दाखविणारे ‘मे’ वा ‘माइट’ जेथे जेथे आले तेथे मराठीत ‘असेल’, ‘येईल’, ‘असावा’, ‘जगावे म्हणून’, ‘की काय’, ‘ही’, ‘तरी’, ‘असता’ हे आले. ‘शकणे’ आले ते फक्त ‘कुड’च्या वाट्यास, म्हणजे जेथे कुवतीचा प्रश्न होता तेथे. हा योगायोग नव्हे. ‘शकणे’ हे मराठीत कर्त्याच्या अंगचे बळ किंवा बाहेरची अनुकूलता सांगणारे क्रियापद आहे, आणि त्या क्षेत्रातही ते एकटे नाही. ‘मला पोहता येते’ म्हणजे मी ती विद्या शिकलो आहे. ‘आता मला पोहवत नाही’ म्हणजे अंगात त्राण उरले नाही. ‘मी आज पोहू शकत नाही’ म्हणजे काही अडचण आहे. इंग्रजीचे एक ‘कॅन’ या तिन्ही ठिकाणी चालते. मग आपल्या घरात तीन समया असताना एकच दिवा सगळीकडे फिरविण्याचे कारण काय?

कारण एक इंग्रजी आहे खरे, पण तेवढेच नाही. आपण महाराष्ट्राबाहेरच्या मराठी केंद्रांत राहणारी माणसे. शेजारच्या भाषेचा वारा आपल्या वाक्यांना रोज लागतो. इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदीतील ‘बारिश आ सकती है’ याचे ‘पाऊस येऊ शकतो’ झाले. वडोदऱ्यास गुजराथीचे ‘शके’ त्यास आधार देते. बेळगावकडे कानडीचे ‘बहुदु’ आहे. ‘बरबहुदु’ या एका रूपात येण्याचा संभवही आहे आणि येण्यास परवानगीही. हैदराबादेस तेलुगूचे ‘वच्चु’ तसेच दुहेरी काम करते. आणि त्याचे मूळ येणे या क्रियेत असल्यामुळे ते आपल्या ‘करता येते’ची आठवण करून देते. या भाषांत उणे काही नाही. हिंदीतही ‘आया होगा’ हे रूप ‘आला असेल’ इतकेच नेमके आहे. उणेपणा आहे तो आपल्या सवयीत: शेजाऱ्याच्या अनेक रूपांपैकी जे एक आपल्या कोष्टकाशी जुळते तेवढेच आपण उचलतो, आणि आपली तीन टाकून देतो.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो विचारात घेतला पाहिजे. भाषा वाहती असते. इंग्रजीच्या संसर्गाने मराठी गद्य समृद्धच झाले. मग ‘शकतो’च्या या नव्या उपयोगास विरोध का? या आक्षेपात तथ्य आहे. ‘असे होऊ शकते’ हे वाक्य आज कोणासही परके वाटत नाही, आणि तात्त्विक शक्यता सांगण्यास ते सोयीचेही आहे. ‘लोखंड गंजू शकते’, ‘या रोगाने दृष्टी जाऊ शकते’ अशी शास्त्रीय गद्यातील वाक्ये टाकून देण्याची मागणी कोणी शहाणा मनुष्य करणार नाही. मागणी एवढीच आहे, की घडलेल्या वा घडत असलेल्या विशिष्ट घटनेविषयी तर्क करावयाचा असेल तेथे ‘असेल’ आणि ‘असावा’ यांना हटवू नये. नव्या शब्दाने नवा अर्थ आणला तर ती भर. जुने तीन अर्थ गिळून टाकले तर ती घट. ‘चोर मागील दाराने आला असेल’ हा तर्क, ‘आला असावा’ हे पुराव्यावरचे अनुमान. ‘आला असू शकतो’ यात बातमीदाराने पुरावा पाहिला की नाही, हे वाचकाला कळण्याचा मार्गच राहत नाही. ‘शक्यता असू शकते’ यात तर शक्यतेचीही शक्यता सांगितली आहे. बोलणाऱ्याने दोन पावले मागे घेतली आणि विधान हवेत सोडून दिले. ‘शक्यता नाकारता येत नाही’ हाही त्याच घरचा पाहुणा. कोणी कधी नाकारली होती, हे विचारण्याची सोय नाही.

देशी रूप वापरून नेमकेपणा साधता येतो, याचे उत्तम उदाहरण कायद्याच्या भाषेने घालून दिले आहे. भाषा संचालनालयाची स्थापना १९६० मध्ये झाली आणि महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ मध्ये झाला. इंग्रजी अधिनियमांत ‘शॅल’ आणि ‘मे’ यांतील फरकावर नागरिकाचे हक्क अवलंबून असतात: एकात कर्तव्य, दुसऱ्यात अधिकार. हिंदी विधिभाषेने ‘मे’साठी ‘कर सकेगा’ हे रूप पत्करले. मराठी विधिभाषेने ‘शॅल’साठी ‘करील’ आणि ‘मे’साठी ‘करता येईल’ अशी जोडी ठरविली, आणि शासनास नियम ‘करता येतील’ ही धाटणी आज अधिनियमांच्या मराठी पाठांत रुळलेली आहे. कायद्याचे मराठी क्लिष्ट म्हणून आपण नेहमी नाके मुरडतो. परंतु या एका प्रश्नापुरते तरी त्या अनामिक भाषांतरकारांनी आपल्या भाषेचा स्वभाव आपल्या कित्येक ललित लेखकांपेक्षा अधिक ओळखला, असे म्हणावे लागते. अधिकार बळाने येत नाही, तो प्राप्त होतो. ‘येणे’ हे क्रियापद तेथे अर्थपूर्ण आहे.

परवानगीच्या साध्या वाक्यांतही हाच विवेक हवा. वर्गाच्या दाराशी मुलगा ‘मी आत येऊ शकतो का?’ असे विचारू लागला आहे. ‘आत येऊ का?’ हा आपला प्रश्न. पहिल्यात तो आपल्या पायांच्या बळाची चौकशी करतो, दुसऱ्यात गुरुजींची आज्ञा मागतो. समारंभात ‘आपण आता जाऊ शकता’ असे पाहुण्यांना सांगितले जाते. ‘आता निघायला हरकत नाही’ या वाक्यातील आर्जव त्यात कोठून येणार?

हे सर्व सूक्ष्म आहे, मुलांना पेलणार नाही, असे काही शिक्षकबंधू म्हणतील. अनुभव याच्या उलट आहे. मुले घरी ही रूपे बिनचूक वापरतात. ‘बाबा आले असतील’, ‘आजी झोपली असावी’, ‘छत्री घेऊन जा, न जाणो पाऊस आला तर!’ ही वाक्ये त्यांच्या घरांतून रोज उठतात. शाळेत आल्यावर आपण त्यांच्या हाती कोष्टक देतो आणि ती विसरावयास लावतो. त्यापेक्षा उपवाक्याच्या प्रकारावरून ‘मे’ शिकवावे; प्रत्येक प्रकारास घरातले एक मराठी वाक्य शेजारी ठेवावे; आणि ‘कुड’ शिकविताना ‘जाता आले’ व ‘जाता आले असते’ यांतील फरक आधी मराठीतच करून घ्यावा. घडलेल्या एका विशिष्ट कृतीविषयी होकारार्थी वाक्यात इंग्रज ‘कुड’ न वापरता ‘वॉज एबल टु’ म्हणतो, हे मग एका वाक्यात समजते. अशा रीतीने मातृभाषा इंग्रजीच्या वाटेतील अडसर न होता तिची वाटाडी होते.

समीक्षकांनाही या विचाराचे अगत्य असावे. भाषांतराचे परीक्षण करताना आपण शब्दांची निवड पाहतो, म्हणी पाहतो, शैली ओघवती आहे की नाही ते पाहतो. मूळ लेखक कोणत्या वाक्यात किती खात्रीने बोलला आणि भाषांतरात ती खात्री तेवढीच राहिली की नाही, ही कसोटी क्वचित लावली जाते. इतिहासकाराचा ‘असावा’ भाषांतरात ‘होता’ झाला, तर अनुमानाची वस्तुस्थिती होते. ‘असू शकतो’ झाला, तर पुराव्याचे वजन नाहीसे होते. दोन्ही प्रकारांत मूळ लेखकावर अन्याय होतो आणि वाचकाची दिशाभूल होते.

आपल्या पूर्वसूरींनी इंग्रजीशी झुंज देत मराठी गद्य उभे केले, ते तिच्या स्वभावावर विश्वास ठेवून. ठाऊक नसलेले ठाऊक नाही असे सांगण्याची आणि ठाऊक असलेले जेवढ्यास तेवढे सांगण्याची सोय या भाषेने क्रियापदाच्या रूपांतच करून ठेवली आहे. ती रूपे शाळेत, वृत्तपत्रात आणि ग्रंथात वापरात राहिली, तर टिकतील. न वापरली, तर व्याकरणाच्या पुस्तकात उदाहरण म्हणून उरतील.